पान्हा होता, वास झाकला गेला: ससेपालनातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं कोरडवाहू गाव. कापूस, दादर (रब्बी ज्वारी), थोडी तूर आणि दारात शेळ्या. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.

घरच्या काकूंचा शेळ्यांतला हात गावात नावाजलेला. कुणाची शेळी अडली की आधी काकूंना बोलावणं जातं, मग आम्हा पशुवैद्यांना फोन येतो. त्यांचा पुतण्या अमळनेरच्या कॉलेजात बीएस्सी करतो. त्याच्या आग्रहामुळे न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांच्या मोजक्या माद्या आणि एक नर घरी आला. लिंबाच्या झाडाखाली जाळीचे पिंजरे, वर पत्रा, पत्र्यावर ऊन अडवायला पऱ्हाट्या. खाणं लसूणघास आणि खुराक. व्यवस्था नीटनेटकी होती, हे आधीच सांगायला हवं. पुढे जे झालं ते हयगयीमुळे झालेलं नाही. उलट, माया जास्त झाली म्हणून झालं.

मार्चच्या सुरुवातीला, होळीच्या आसपास, दोन माद्या एका दिवसाच्या अंतराने व्याल्या. आधी व्यालेली जुनी होती, तिला पाच पिल्लं झाली. दुसरी पहिलटकरीण. तिने पोटाचे केस उपटून विण्यासाठी ठेवलेल्या पेटीत मऊ गादी केली आणि पहाटे सात पिल्लं दिली. गाभण काळ एकतीस दिवसांचा भरला होता, पिल्लं पुऱ्या वाढीची होती. इथपर्यंत सगळं उत्तम.

अडचण कशी वाढत गेली

पहिलटकरीण दिवसभर पेटीकडे फिरकली नाही. पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरून पडून राहिली, घास खाल्ला, पाणी प्यायली. जुनी मादीही तसंच करत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण तिची पिल्लं गुबगुबीत होती. सगळ्या घराचे डोळे लागले होते नवीकडे.

काकूंचा हिशेब शेळीचा. करडू घटकेघटकेला आचळाला लागतं, शेळी त्याला हुंगते, चाटते, ते लांब गेलं की ओरडते. त्या मापाने मोजली तर ही मादी म्हणजे पोटच्या पिल्लांना टाकून दिलेली आई. दुपारी शेजारणीनेही तेच सांगितलं, वर एक भर घातली: पिल्लांना माणसाचा हात लागला असेल, तो वास आला की आई जवळ करत नाही.

मग उपाय सुरू झाले. मादीला धरून पेटीत ठेवलं, वर फळी टाकली, ती आत धडपडली. थोड्या वेळाने पुन्हा. संध्याकाळी ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडलं, नाकाशी दुधाचा फेस. मादीचे सड लालसर दिसले म्हणून काकूंनी पोटाला खोबरेल तेलात कापूर घालून लावला. बाळंतिणीला करतात तशीच काळजी. पेटीतले केस ओले झाले होते, ते काढून टाकले आणि फिनाईलच्या पाण्यात धुतलेलं जुनं लुगडं अंथरलं. पेटीत मादीच्या चार-दोन लेंड्या होत्या, त्याही घाण म्हणून वेचून टाकल्या. त्या दुपारी दुसरं पिल्लू गेलं.

संध्याकाळी मला फोन आला. काकू म्हणाल्या, "डॉक्टरताई, ती पिल्लास्कडे दखतच नही."

पाहिलं तेव्हा

पाच पिल्लं जिवंत होती. हाताला गार लागत होती, पोटांवर सुरकुत्या. पोट भरलेल्या पिल्लाची कातडी पातळ असते आणि आतलं दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं बाहेरून दिसतं; इथे एकाचंही दिसत नव्हतं. पुतण्याने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनं घेतली. या जातीचं पिल्लू जन्मतः साधारण पन्नास-साठ ग्रॅमचं असतं. यातलं सगळ्यात लहान एकोणचाळीस भरलं.

मादीची तब्येत चांगली. ताप नाही, सड मऊ, कुठे गाठ नाही, दगडीचं (सड सुजून घट्ट होण्याचं) लक्षण नाही. हलकं दाबल्यावर दुधाचा थेंब आला. सडांचा लालसरपणा केस उपटल्यामुळे होता, तो आजार नव्हताच.

म्हणजे दूध होतं आणि पिल्लांच्या पोटात जात नव्हतं.

पहिला निर्णय पाजण्याचा नव्हता, ऊब देण्याचा होता. गारठलेलं पिल्लू चोखत नाही, आणि जबरदस्तीने पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. कोमट पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळून पिल्लं तिच्या कडेला ठेवली. खानदेशात मार्चची दुपार भाजून काढते पण पहाट गार असते, आणि केसांची गादी गेल्यामुळे या पिल्लांनी ती पहाट उघड्यावर काढल्यासारखीच काढली होती. त्यांच्या अंगात हालचाल येईपर्यंत आम्ही थांबलो. काकूंना ते थांबणं फार जड गेलं.

मग एक पिल्लू पहिलटकरणीच्या पोटाशी धरलं. त्याने डोकं उचललं, इकडेतिकडे केलं आणि मांडीच्या बाजूला घसरत गेलं. सड दोन बोटांवर होता. दुसरं पिल्लू, तसंच. तेच पहिलं पिल्लू मग जुन्या मादीच्या पोटाशी नेलं, जिला कुणी काही लावलेलं नव्हतं. नाक केसांत जाताच त्याचं डोकं शिवणयंत्राच्या सुईसारखं भराभर खालीवर होऊ लागलं. पुढचे पाय वल्ह्यासारखे चालले, नाक कातडीला घासत ते पुढे सरकलं आणि काही क्षणांत सड तोंडात. थोडं चोखून सोडलं, लगेच दुसऱ्या सडाकडे. त्याचे डोळे मिटलेले, कानाची भोकं बंद. काकू वाकून पाहत होत्या. त्यांनी जुन्या मादीच्या पोटाचा वास घेतला, मग नव्या मादीच्या, आणि म्हणाल्या, "हिला नुसता कापूरच येतोय."

ससे पाजतात तरी कसे

निर्णय कळायला इथे थोडं थांबावं लागेल, कारण सशाची पाजण्याची रीत आपल्या गोठ्यातल्या कुठल्याच जनावराशी जुळत नाही.

मादी दिवसातून बहुधा एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं. बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे, म्हणून घरच्यांना ते दिसतही नाही. रानात हे ससे जमिनीत बीळ करून राहतात. आई पाजून बाहेर पडते आणि बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकते. सतत ये-जा केली तर शिकाऱ्याला माग लागेल. दूध मात्र दाट: गाईच्या दुधात स्निग्धांश चारेक टक्के, सशाच्या दुधात त्याच्या तिप्पट किंवा जास्त. त्या तीन-चार मिनिटांत पिल्लू आपल्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत दूध पिऊ शकतं आणि पुढच्या दिवसापर्यंत केसांत गाडून घेऊन पडून राहतं.

(कापसाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात सापडणारा रानससा हा वेगळा प्राणी. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पण तिथेही आई दिवसभर लांबच राहते. शेतात पिल्लू एकटं दिसलं तर ते टाकलेलं नसतं. उचलून घरी आणू नये. तो प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षितही आहे.)

इतक्या थोड्या वेळात आंधळं-बहिरं पिल्लू सड शोधतं ते वासावर. आई पेटीत उडी मारून पिल्लांवर उभी राहते, एवढंच. ती पिल्लाला उचलत नाही, सडाकडे ढकलत नाही. बाकी सगळं पिल्लाने करायचं. वास घेण्याची क्षमता काढून घेतलेली पिल्लं सडापर्यंत पोचत नाहीत, हे प्रयोगांत दिसलं आहे. रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टेल यांनी १९८० च्या दशकात मादीच्या पोटावरच्या या गंधसंकेताचा बारकाईने अभ्यास केला. पुढे २००३ मध्ये फ्रान्समधल्या बेनुआ शाल, जेरार कुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या दुधातून तो रेणूच शोधून काढला: २-मिथिलब्यूट-२-ईनाल. काचेच्या कांडीला हा पदार्थ लावून नाकाशी धरला तरी जवळजवळ सगळी नवजात पिल्लं डोकं हलवत कांडी तोंडात धरू पाहतात. आई नाही, ऊब नाही, दूध नाही, फक्त वास. आणि हे शिकवावं लागत नाही.

त्याच गटाने २००६ मध्ये दाखवलं की या गंधाबरोबर दुसरा एखादा नवा वास थोडा वेळ जरी पिल्लाला दिला, तरी दुसऱ्या दिवशी ते त्या नव्या वासालाही तसाच प्रतिसाद देतं. दुधाच्या गंधाला जोडून पिल्लू शिकतं. पेटीतल्या लेंड्यांचंही असंच आहे. आई त्या मुद्दाम मागे ठेवते. पिल्लं पुढे त्या कुरतडतात, आई काय खाते त्याची ओळख त्यातून होते आणि पोटातले उपयोगी जंतूही मिळतात.

आता शेळीशी ताडून पाहा. शेळी व्याल्यावर थोड्याच वेळात आपलं करडू वासाने ओळखून ठेवते आणि परक्या करडाला ढुशी देते. तिथे आई निवडते. सशात आईची निवड ढिली असते, शोध पिल्लू घेतं, आणि दुधातला हा गंध अमुकच आईचा असा नसतो, कुठल्याही पाजत्या मादीचा चालतो. म्हणून "माणसाच्या हाताचा वास आला की आई टाकते" ही भीती पाळीव सशांच्या बाबतीत चुकीच्या जागी आहे. हात स्वच्छ असेल तर पिल्लं रोज तपासावीत, मेलेलं असेल ते काढावं. जपायला हवं ते मादीचं पोट आणि पेटीतली गादी.

कोणते मार्ग समोर होते

पहिला, पाचही पिल्लं हाताने वाढवणं. काकूंची तयारी होती, रात्रभर जागायचीही. पण सशाच्या दुधाची बरोबरी गाईच्या किंवा शेळीच्या दुधाने होत नाही, आणि एवढ्याशा पिल्लाला ड्रॉपरने पाजताना ठसका लागण्याचा धोका मोठा. एक पिल्लू बहुधा तसंच गेलं होतं. हा मार्ग मी शेवटचा ठेवला.

दुसरा, सगळी पिल्लं जुन्या मादीला लावणं. वयात एकाच दिवसाचं अंतर, म्हणजे वेळ अगदी योग्य. मादीला साधारण आठ ते दहा सड असतात. पाच आपली आणि पाच नवी मिळून दहा, म्हणजे काठोकाठ. पाजणं तीन-चार मिनिटांचं असताना भरल्या पोटाच्या मोठ्या पिल्लांत ही सुकलेली पिल्लं मागे रेटली जाणार हे उघड होतं. शिवाय पहिलटकरणीला कुणी प्यायलंच नाही तर तिचं दूध आटणार.

तिसरा, मादीचं पोट पुसून, गादी पूर्ववत करून सगळी पिल्लं तिच्याच हवाली करणं. नैसर्गिक म्हणावा असा मार्ग. पण ती रात्र या पिल्लांना उपाशी झेपली नसती, आणि तेलाचा वास सकाळपर्यंत जाईल याची खात्री नव्हती.

चौथा, विभागणी. इथे आमचा खरा खल झाला. काकूंचं म्हणणं, सगळ्यात अशक्त पिल्लं जुन्या मादीला द्या, तिच्याकडे दूध भरपूर आहे. ऐकायला ते बरोबर वाटतं. पण परक्या पेटीत सड पकडण्याची शर्यत असते आणि तिथे टिकतं ते जोरकस पिल्लू. म्हणून मोठी दोन तिकडे द्यायची आणि लहान तीन आईकडे ठेवायची, जिथे स्पर्धा नाही, असं मी सुचवलं. पुतण्याला ते पटलं. काकूंनी मान्य केलं, पण एका अटीवर: रात्रीपुरतं तरी सगळ्यांच्या पोटात काही जाऊ दे.

काय केलं

काकूंची अट योग्य होती. जुनी मादी पहाटे पाजून बसली होती, तरी तिला मांडीवर घेऊन, डोळ्यांवर ओढणी टाकून शांत केलं आणि पाचही पिल्लं थोडा वेळ तिच्या पोटाशी लावली. पोटभर मिळालं नाही, पण चार पिल्लांच्या पोटात पांढरा पट्टा दिसला. सगळ्यात लहान पिल्लाने शोध घेतला, सड काही त्याला धरून ठेवता आला नाही.

पहिलटकरणीचं पोट कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसलं. साबण नाही, डेटॉलसारखं काही नाही, कोरडं करून सोडून दिलं. पेटीतलं लुगडं काढलं, पेटी कोरडी पुसली, खाली वाळलेलं गवत घातलं. मग तिच्याच पोटाचे सैल झालेले केस हलकेच काढून आणि जुन्या मादीच्या पेटीतले मूठभर घेऊन गादी केली. मोठ्या दोन पिल्लांच्या कानात आतून मार्करची खूण केली आणि जुन्या मादीच्या पेटीत तिच्या पिल्लांच्या मधोमध, केसांखाली ठेवली.

सगळ्यात अवघड सूचना शेवटची होती: पहाटेपर्यंत नव्या मादीच्या पिंजऱ्याजवळ कुणी जायचं नाही. दोन दिवस तिला पुन्हापुन्हा धरून पेटीत कोंडल्यामुळे पेटी म्हणजे पकडलं जाण्याची जागा, अशी तिची समजूत झाली असणार. पेटीचं तोंड उघडं ठेवलं. पहाटे ती आपणहून गेली नाही, तर उजाडल्यावर एकदाच, मांडीवर धरून पाजायचं असं ठरलं.

ती गेली नाही. पुतण्याने उजाडल्यावर तिला मांडीवर घेतलं. या वेळी पिल्लांनी डोकी भराभर हलवत शोध घेतला, दोघांनी सड पकडले. त्याच्या पुढच्या पहाटे त्याला पेटीत उडीचा आवाज आला. जाऊन पाहिलं नाही, शहाणपण केलं. सकाळी वजन केलं तर पिल्लं आदल्या दिवसापेक्षा भरली होती आणि केसांत खोल गाडून घेतलेली होती.

निष्पत्ती

सगळ्यात लहान पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. बाकी चारही जगली. जुन्या मादीने लावलेली दोन पिल्लं आपल्यात घेतली. त्यांच्या वजनात आणि तिच्या पिल्लांच्या वजनात आठवड्याभरात फरक राहिला नाही. आईकडची दोन मागे राहिली, डोळे मात्र अकराव्या दिवशी नेहमीसारखे उघडले. महिन्याने दूध तोडलं तेव्हा त्यातलं हलकं पिल्लू साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतं, जुन्या मादीकडची पाचशेच्या वर.

आठवड्याभरात पिल्लांनी वेळ ओळखली. आई येण्याच्या तासभर आधी ती केसांतून वर येऊन वळवळत आणि पाजणं झालं की मुतून पुन्हा खाली शिरत. गादी ओली कशाने होते ते काकूंना तेव्हा समजलं. आता ओला झालेला वरचा थर तेवढा काढायचा, बाकी केस तसेच ठेवायचे, असं त्या करतात.

वेगळं काय करता आलं असतं

पोट पुसणं, गादी बदलणं आणि मादीला एकटं सोडणं, तिन्ही एकाच रात्री झालं. त्यामुळे दूध नेमकं कशामुळे लागलं याची वाटणी करता येत नाही. दोन माद्यांच्या पोटाशी एकाच पिल्लाने केलेला फरक पाहता माझा कौल कापराकडे जातो. मादीचा धसकाही खरा होता आणि गारठाही. जीव वाचवायचा असताना एकेक बदल करून पाहत बसणं मला पटलं नसतं, आजही पटत नाही.

पेटीचं वजन पहिल्या दिवसापासून घेतलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. मादी पेटीत गेली की नाही हे डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट करावा लागत नाही, काटा सांगतो. पहिल्या पहाटे तिने पाजलं होतं का, हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर कुणाकडे नाही. पाजलं असेल तर अडचण आपण उभी केली. नसेल, तर पहिलटकरणीत तेही होतं, आणि चोवीस तास वाट पाहून मग एकदाच हाताने मदत करणं पुरेसं होतं. पिल्लू एक दिवस उपाशी तग धरू शकतं, उबेत असेल तर.

जुनी मादी एक दिवस आधी व्याली होती हा योगायोग होता. आता काकू दोन माद्या एकाच दिवशी नराला दाखवतात, म्हणजे व्यायलाही बरोबरच येतात आणि एकीचं अडलं तर दुसरी असते. गाभण राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवतात. पेटी धुवायची ती साध्या पाण्याने, मग दिवसभर उन्हात. खानदेशच्या उन्हापुढे फिनाईलची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये व्यायला येतील अशा बेताने माद्या दाखवत नाहीत, कारण पारा पंचेचाळिशीकडे गेला की मादी खात नाही आणि दूध आटतं.

पहिलटकरीण पावसाळ्यात पुन्हा व्याली. आठ पिल्लं झाली, आठही पहिल्या सकाळी पोट भरलेली होती. काकूंनी फोनवर वजनं वाचून दाखवली आणि विचारलं, लसूणघास वाढवू का.